अझ्दा : राजा स्वप्न विसरला होता का?

बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय ज्यांनी लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलाय त्यांना गोष्ट पाठच असते. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर, त्याला स्वप्न पडतं, झोप उडते, मन अस्वस्थ होतं, मग तो ज्योतिषी, मांत्रिक, खास्दी अशा दरबारातल्या सगळ्या जाणत्या लोकांना बोलावतो. ते म्हणतात महाराज चिरायू होवोत, स्वप्न काय पडलं ते सांगा म्हणजे आम्ही अर्थ सांगतो. आणि राजा म्हणतो, नाही, स्वप्न पण तुम्हीच सांगायचं आणि अर्थ पण तुम्हीच, नाही जमलं तर तुमचे तुकडे तुकडे करीन आणि तुमच्या घरांचे उकिरडे करीन.

आता कुणालाही प्रश्न पडेल की अरे बाबा, स्वप्न तुला पडलं ना, मग तूच का नाही सांगत? मी ज्या रूपात ही गोष्ट ऐकली त्यात याचं उत्तर सोपं होतं, राजा स्वप्न विसरला होता. सकाळी उठल्यावर आठवेना, म्हणून चिडलेला. पुढे मोठेपणी दोन-तीन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून वाचायला लागलो तर एकात राजा म्हणतो "ती गोष्ट माझ्यातून निघून गेली" आणि दुसऱ्यात म्हणतो "मी हे पक्कं ठरवलंय". एकच ओळ, एकच अध्याय, आणि अर्थ इतके लांब की एका राजाचे दोन वेगळे राजे होतात, एक विसराळू आणि दुसरा अतिशय सावध. हा सगळा फरक एका शब्दामुळे आहे. तो शब्द म्हणजे अझ्दा.

हा शब्द अख्ख्या बायबलमध्ये फक्त दोनदा येतो, दानीएल २:५ आणि २:८, दोन्ही वेळा राजाच्याच तोंडी. बस. एखादा शब्द शंभर ठिकाणी आला असेल तर संदर्भावरून अर्थ लागतो, पण दोनच ठिकाणी आणि दोन्ही ठिकाणी जवळपास तेच वाक्य, मग काय करणार.

आधी भाषेचं थोडं सांगतो. जुना करार हिब्रूत आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातला थोडा भाग अरामी भाषेत आहे. एज्राच्या पुस्तकातले काही अध्याय, यिर्मयामध्ये एकच वचन (१०:११), उत्पत्तीत एका दगडांच्या राशीला लाबान जे नाव देतो ते दोन शब्द (३१:४७), आणि दानीएलचा दुसऱ्या अध्यायापासून सातव्याच्या शेवटापर्यंतचा मोठा तुकडा. सगळं मिळून पावणेतीनशे वचनांच्या आतच. आणि दानीएलमध्ये भाषा बदलते तीसुद्धा अध्याय किंवा वचन संपल्यावर नाही, २:४ च्या मधोमध बदलते, खास्दी राजाला काय म्हणाले हे सांगायला लागताना. त्यांचं वाक्य अरामीत सुरू होतं ते पुढे पाच अध्याय संपत नाही. म्हणजे आपला अझ्दा हा त्या भाषेत राजाने बोललेल्या अगदी पहिल्या वाक्यात आहे.

अरामी म्हणजे हिब्रूची सख्खी बहीण म्हणा. त्या काळी इजिप्तपासून आपल्या तक्षशिलेपर्यंत सरकारी पत्रव्यवहाराची भाषा हीच होती, अशोकाचे काही लेख अरामीत आहेत, कंदाहारला १९५८ मध्ये सापडलेला तर वर ग्रीक आणि खाली अरामी असा जोडलेख आहे. नव्या करारातलं येशूचं "तलीथा कूम" (मुली, ऊठ) अरामीच. आणि आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी लोक, वल्हांडण सणाच्या रात्री जी हगादा, म्हणजे इजिप्तमधून सुटकेची पोथी, वाचतात, तिची सुरुवातीची "हा लहमा अन्या" म्हणजे "ही दुःखाची भाकर" ही ओळ हिब्रू नाही, अरामी आहे, आणि मराठी अर्थासकट ही हगादा मुंबईत १८४६ ला आणि पुण्यात १८७४ ला छापली गेलेली आहे. म्हणजे ही भाषा आपल्याकडे अगदीच परकी नाही.

तर ते वाक्य. राजा म्हणतो : मिल्लता मिन्नी अझ्दा. मिल्लता म्हणजे शब्द, गोष्ट, बाब. मिन्नी म्हणजे माझ्यापासून, माझ्याकडून. आणि अझ्दा म्हणजे... तेच तर शोधायचंय.

जुन्या लोकांनी लावलेला अर्थ असा की अझ्दा म्हणजे "गेली". गोष्ट माझ्यापासून गेली, म्हणजे मनातून गेली, विसरलो. आणि हे काही त्यांनी हवेतून काढलं नव्हतं, उगाच त्यांना कमी लेखायला नको. अरामीत जाणे याला अझल असं क्रियापद आहे, ते अझ्दाच्या अगदी जवळ ऐकू येतं. शिवाय पुढच्या काळातल्या तालमुदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या त्या प्रचंड चर्चाग्रंथात, "अझ्दा ले-तामे" असा वाक्प्रचार सारखा येतो, अमुक रब्बी आपल्याच आधीच्या मताला धरून गेले अशा अर्थाने. म्हणजे ज्या माणसाचं आयुष्य तालमुद वाचण्यात गेलंय त्याच्या कानाला अझ्दा म्हणजे "गेला, गेली" हेच लागणार. अकराव्या शतकातले राशी, ज्यांचं भाष्य आजही यहुदी घरांत पहिलं उघडलं जातं, त्यांनी हाच अर्थ दिला. त्याच्याही आधी ग्रीक भाषांतरात "माझ्यापासून दूर झाली", लॅटिनमध्ये तसंच, आणि पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस तर सरळच सांगतो की राजा उठला आणि स्वप्न विसरला. १६११ च्या इंग्रजी बायबलात तेच आलं आणि तिथून ते जगभर पसरलं.

पण वचन नऊ वाचा. तिथे राजा म्हणतो, मला स्वप्न सांगा, म्हणजे मला कळेल की तुम्ही मला त्याचा अर्थही सांगू शकता. आता विचार करा, ज्याला स्वत:ला स्वप्न आठवतच नाही तो समोरच्याने सांगितलेलं स्वप्न बरोबर की चूक हे कसं ठरवणार? खास्द्यांनी काहीही थाप मारली असती तरी चाललं असतं. राजाच्या बोलण्याला अर्थ तेव्हाच आहे जेव्हा त्याला स्वप्न लख्ख आठवतंय आणि तो ते मुद्दाम सांगत नाहीये. आणि त्याच्या आधी, आठव्या वचनात, तो म्हणतो की तुम्ही वेळ विकत घेताय हे मला पक्कं कळतंय. अरामीत शब्दश: असंच आहे, इद्दाना अन्तून झाबनीन, वेळ तुम्ही विकत घेताय. आपण म्हणतो वेळ काढताय, चालढकल करताय. हा माणूस विसरलेला नाही. हा पारखून घेतोय.

मला वाटतं मराठी माणसाला या शब्दाची अडचण समजवायची सगळ्यात सोपी वाट म्हणजे आपलं "सुटणे" हे क्रियापद. "माझ्याकडून गोष्ट सुटली" म्हटलं तर काय समजाल? राहून गेली, निसटली, लक्षात राहिली नाही. आणि "माझ्याकडून हुकूम सुटला" म्हटलं तर? आदेश निघाला, आता मागे नाही. तेच "माझ्याकडून", तेच "सुटणे", आणि एका वाक्यात माणूस हतबल आहे आणि दुसऱ्यात सगळी सत्ता त्याच्या हातात आहे. आता समजा दोन हजार वर्षांनी मराठी बोलणारं कुणी उरलं नाही आणि कुणाला एवढंच वाक्य सापडलं की "राजाकडून बाब सुटली", तर तो बिचारा कुठला अर्थ लावेल? मिल्लता मिन्नी अझ्दा च्या बाबतीत साधारण असंच झालं.

आता "माझ्याकडून" हा जो मिन्नी आहे ना, तो पण बघण्यासारखा आहे. एज्राच्या पुस्तकात पारसाच्या, म्हणजे पर्शियाच्या राजांची फर्मानं दिली आहेत, त्यात ठरलेलं वाक्य येतं, मिन्नी सीम तएम, "माझ्याकडून हुकूम काढण्यात आला आहे" (४:१९, ६:८). म्हणजे सरकारी कागदाची सुरुवात जशी आपल्याकडे "असा आदेश देण्यात येत आहे की" अशी साचेबंद असते तसा हा साचा. राजा दरबारात मिन्नी म्हणाला की ऐकणाऱ्याच्या कानाला फर्मानाचीच चाहूल लागणार, विसरण्याची नाही. आणि एक गंमत वाटेल पण खरी गोष्ट, हा तएम म्हणजे हुकूम आणि वर तालमुदच्या वाक्प्रचारात आलेलं ताम म्हणजे मत, कारण, हे मुळात एकाच घरचे शब्द, आणि दोन्हीच्या मुळाशी अर्थ आहे चव. दानीएल ५:२ मध्ये राजा बेलशस्सर द्राक्षारसाच्या "चवीत" असताना सोन्याची भांडी आणायला सांगतो, तिथेही हाच शब्द.

बरं मग अझ्दाचा खरा अर्थ कुठून कळला? तर बायबलमधून नाही, इराणमधल्या एका कड्यावरून. केरमानशाहजवळ बेहिस्तून नावाचा डोंगर आहे, तिथे उंचावर दारयावेश राजाने, म्हणजे पहिल्या डरायसने, इ.स.पू. ५२० च्या आसपास आपण राज्य कसं मिळवलं याची हकीकत तीन भाषांत कोरून ठेवली, त्यातली एक जुनी पर्शियन. हेन्री रॉलिन्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ पासून जिवावर उदार होऊन त्या कड्यावर चढून ती अक्षरं उतरवली आणि पुढे तो मजकूर वाचता आला. त्यात हकीकत अशी की त्याच्या आधीच्या कंबुज्य राजाने आपला सख्खा भाऊ बर्दिय याला मारलं, पण गुपचूप. मग येतं हे वाक्य :

कारह्या नइय् अझ्दा अबव, त्य बर्दिय अवजत.

लोकांना हे माहीत झालं नाही, की बर्दिय मारला गेला.

आता संस्कृत शिकलेल्या कुणीही हे वाक्य जरा मोठ्याने वाचून बघावं. नइय् म्हणजे न. अबव म्हणजे अभवत्. अवजत मधला जत म्हणजे हत. आणि मध्ये बसलाय आपला अझ्दा, स्वच्छ, ठळक, "जाहीर, पक्कं ठाऊक" या अर्थाने. मी पहिल्यांदा हे वाक्य वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो, कारण "न अद्धा अभवत्" असं डोक्यात आपोआप वाजलं.

हो, अद्धा. संस्कृतमध्ये अद्धा नावाचं अव्यय आहे, अर्थ खरोखर, नक्की, निश्चितपणे. पालीतही अद्धा म्हणजे नक्कीच. आणि तो शब्द आपल्या सगळ्यांच्या कानावरून कधी ना कधी गेलेला आहे, नासदीय सूक्तात, ऋग्वेद १०.१२९, सहावी ऋचा : "को अद्धा वेद क इह प्र वोचत्". नक्की कोणाला ठाऊक आहे, इथे कोण सांगू शकेल, ही सृष्टी कुठून आली. तो अद्धा आणि बेहिस्तूनचा अझ्दा हे चुलतभाऊ. इराणी बाजूला तोंडात "झ्द" राहिला, आपल्याकडे त्याचा "द्ध" झाला. हा संबंध भाषातज्ज्ञांनी मान्य केलेला आहे, शब्दकोशात छापलेला आहे, नुसतं ऐकायला सारखं वाटतं म्हणून जोडलेला नाही. आणि हेही स्पष्ट सांगायला हवं की अरामीने हा शब्द संस्कृतातून घेतलेला नाही. अरामीने तो पर्शियनमधून घेतला, आणि पर्शियन आणि संस्कृत या एका घरातल्या भाषा. लोक अशा ठिकाणी घाईने उडी मारतात आणि मग खरी गोष्टही खोटी वाटायला लागते, म्हणून लिहिलं.

दारयावेशच्याच थडग्यावर, नक्श-ए-रुस्तमला, अजून एक सुंदर वाक्य आहे. तो म्हणतो सिंहासन उचलणाऱ्यांची चित्रं बघ, आणि मग "तुला अझ्दा होईल" की पर्शियन माणसाचा भाला किती दूरवर गेला. म्हणजे कळेल, खात्री पटेल. इथेही शब्द तोच, वापरही तोच, अझ्दा आणि सोबत "होणे".

पण अजून एक शंका राहतेच. पर्शियन शब्द दगडावर आहे हे ठीक, तो अरामी लिहिणाऱ्यांनी खरंच उचलला होता का? तर हो, आणि याचा पुरावा इजिप्तमध्ये आहे. नाईल नदीत अस्वानजवळ एलेफंटाईन नावाचं बेट आहे, जुनं नाव येब. तिथे पारसाच्या राजाच्या नोकरीतली यहुदी शिपायांची वस्ती होती, त्यांचे पपायरसवरचे अरामी कागद सापडले, त्यातले बरेचसे इ.स.पू. पाचव्या शतकातले. एका अर्जात, इ.स.पू. ४१० च्या आसपासच्या, ते तक्रार करतायत की ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी किल्ल्यातली विहीर बुजवली. ही विहीर बांधीव होती, तिला पाणी कधी कमी पडत नसे, शिबंदी तिचंच पाणी प्यायची, ती यांनी बुजवली. आणि पुढे लिहितात : जर न्यायाधीश, तिफ्ताये आणि गौश्काये यांच्याकडून "अझ्द" करण्यात आला, तर आम्ही म्हणतोय तेच साहेबांना कळून येईल. म्हणजे चौकशी करून जाहीर खुलासा झाला तर. विहीर बुजवली म्हणून साहेबाकडे अर्ज, पंचनामा करा म्हणजे खरं बाहेर येईल अशी विनंती, हा कागद आपल्या कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत शोभला असता. आणि त्या कागदात आपला शब्द आहे, अरामी वाक्यात, कामकाजाचा शब्द म्हणून.

त्या यादीतले तिफ्ताये दानीएल ३:२ मध्येही येतात, राजाच्या अधिकाऱ्यांच्या यादीत. आणि गौश्काये म्हणजे राजाचे "कान", हेर म्हणा, गौश म्हणजे कान. तोच पुढे फारसीत गोश झाला, आणि आपण हिशेबाचा जो गोशवारा लिहितो त्यात तोच कान बसलेला आहे, कारण गोशवारा म्हणजे मुळात कानातला दागिना. संस्कृतातला घोष हा त्याच्याच नात्यातला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थिओडोर न्योल्डेके या जर्मन पंडिताने दाखवलं की दानीएलचा अझ्दा हा अझलचा भाऊ नाही, हा पर्शियन पाहुणा आहे. तेव्हापासून हळूहळू जवळपास सगळ्या नव्या भाषांतरांनी बाजू बदलली. आज कुठे "माझा शब्द पक्का आहे" असं मिळेल, कुठे "हे जाहीर फर्मान आहे" असं. दोन्ही अझ्दाच्याच छटा, एक निश्चितपणाची आणि एक जाहीरपणाची, बेहिस्तूनच्या वाक्यात तुम्हाला दोन्ही एकत्र दिसतात, कारण ज्या काळात दवंडी हीच बातमी होती त्या काळात जाहीर झालं म्हणजेच पक्कं झालं.

दानीएलच्या अरामीत असे पर्शियन शब्द बरेच आहेत, आणि त्यातले काही मराठी माणसाला हात धरून ओळख दाखवतात. राझ म्हणजे गुपित, याच दुसऱ्या अध्यायात पुन्हा पुन्हा येतो, हिंदी गाण्यातला राज़ तोच आणि संस्कृतचा रहस् त्याच्या नात्यातला. पित्गामा म्हणजे उत्तर, निरोप, तोच पुढे पैगाम, आणि पैगाम आणणारा तो पैगंबर. आणि अहश्दर्पनाया, उच्चारायला अवघड, पण हे म्हणजे प्रांतांचे सुभेदार, ग्रीकांनी त्याचं सॅट्रप केलं आणि आपल्याकडे तो झाला क्षत्रप. नाशिकच्या लेण्यांत ज्या नहपान क्षत्रपाच्या काळचे लेख आहेत, ज्याची नाणी १९०६ मध्ये जोगळटेंभीला तेरा हजारांवर सापडली आणि त्यातली बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून पुन्हा चालवलेली होती, त्याच्या पदवीचा शब्द आणि दानीएलच्या तिसऱ्या अध्यायातला शब्द एकच.

या पर्शियन शब्दांवरून एक मोठा वाद आहे, तो थोडक्यात सांगून पुढे जातो. नबुखद्नेस्सरचं राज्य इ.स.पू. ६०५ ते ५६२, आणि पारसाने बाबेल घेतलं ते ५३९ ला. मग त्याच्या तोंडी पर्शियन शब्द कसा? उत्तर असं की लिहिणारा पर्शियन अंमल आल्यानंतरचा आहे, तो आपल्या काळच्या दरबारी भाषेत राजाला बोलायला लावतोय, जसं आपल्या ऐतिहासिक नाटकात राजे लेखकाच्या काळचं मराठी बोलतात. तो लेखक किती नंतरचा, लगेचचा की थेट दुसऱ्या शतकातला, यावर श्रद्धाळू वाचक आणि बहुतेक विद्यापीठातले अभ्यासक यांचं जमत नाही, आणि एकटा अझ्दा तो वाद मिटवू शकत नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते गोष्टीचं काय होतं ते. विसराळू राजा घेतला तर हे एका लहरी माणसाचं प्रकरण होतं, स्वत: विसरला आणि दुसऱ्यांच्या मानेवर सुरी. पण अझ्दाचा पर्शियन अर्थ घेतला की दृश्य एकदम वेगळं दिसतं. राजाला स्वप्न आठवतंय, त्याला भीती वाटतेय, आणि त्याला हेही माहिती आहे की ही सगळी पोटभरू मंडळी मला गोड वाटेल तोच अर्थ सांगणार. म्हणून तो एकच गोष्ट हातात राखून ठेवतो जी फक्त त्याला ठाऊक आहे. ज्याला स्वप्न दिसेल त्याचाच अर्थ मी मानीन. क्रूर तर आहेच, तुकडे करण्याची भाषा काही माफ होत नाही, पण बिनडोक नाही. आणि मग खास्दी जे दहाव्या-अकराव्या वचनात म्हणतात, की हे सांगणारा माणूस पृथ्वीवर नाही, देवच सांगतील आणि देव काही माणसांत राहत नाहीत, त्या वाक्याला वजन येतं, कारण राजाने त्यांना बरोबर तिथेच आणून उभं केलेलं असतं. पुढे दानीएल, बाबेलला आणलेला यहुदी तरुण, जेव्हा स्वप्नातला तो पुतळा, सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, लोखंड-मातीचे पाय, एकेक भाग सांगत जातो तेव्हा राजा ओळखतो. ओळखतो, कारण आठवत होतं.

मराठीत हे वाक्य कसं करावं यावर मी बरेच दिवस घालवलेत. "जाहीर" बरोबर आहे पण ऐकायला सरकारी. "माझा शब्द पक्का" हे व्यापाऱ्याने म्हटल्यासारखं वाटतं. "हुकूम सुटलाय" मला फार आवडतं, कारण त्यात जुना चुकीचा अर्थसुद्धा हलकेच दडलेला राहतो. पण शेवटी वहीत जे लिहून ठेवलं ते वेगळंच आहे, आणि ते सुचलं बेहिस्तूनच्या त्या कड्याचा फोटो बघताना. आपल्याकडे न बदलणाऱ्या शब्दाला काय म्हणतात? म्हणून माझ्या वहीत दानीएल २:५ असं आहे :

"राजा खास्द्यांना म्हणाला, माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."